खानदेशातील फुटबॉल क्लबांची दप्तरे वाचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर परदेशी फुटबॉल क्लबांविषयी जो मजकूर येतो तो मी आवडीने वाचतो. त्या निमित्ताने मला इंग्लंडच्या शेफील्ड क्लबची आठवण होते. हा क्लब २४ ऑक्टोबर १८५७ रोजी स्थापन झाला आणि आज जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून ओळखला जातो. खेळतो मात्र फार खालच्या लीगमध्ये. बरीच वर्षे तो इंग्लंडच्या आठव्या स्तरावर खेळला. तरीही २००४ मध्ये फिफाने शताब्दीनिमित्त ज्या दोन क्लबांचा सन्मान केला, त्यातला एक रेआल माद्रिद होता आणि दुसरा हा शेफील्ड. २०११ मध्ये त्यांची हस्तलिखित नियमांची वही आणि जुनी कागदपत्रे लिलावात ८,८१,२५० पौंडांना विकली गेली. दीडशे वर्षांपूर्वी कुणी चिटणिसाने हिशेब आणि नियम नीट लिहून ठेवले आणि त्याच्यामागून आलेल्यांनी ते जपले, म्हणून हे शक्य झाले.

आपल्या भागात काय उरले आहे? भुसावळच्या रेल्वे वसाहतीत फुटबॉल पिढ्यान् पिढ्या खेळला गेला. इंग्रज साहेब, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गोव्याकडचे, मद्रासकडचे, बंगाली आणि आपले खानदेशी फिटर-फायरमन एकाच मैदानावर उतरत असत, असे जुनी माणसे सांगत आली. मी स्वतः ज्या क्लबकडून खेळलो तो याच वसाहतीतला. वर्गणीवर चालणारा, कुणालाही पगार नसलेला. चेंडू फाटला की चांभाराकडे शिवायला जायचा, आतले ब्लॅडर सायकलच्या दुकानात पंक्चर काढून आणायचे. टीम कुठली उतरणार हे ड्यूटीच्या लिंकवर, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्यावर, ठरे. सामना सुरू व्हायच्या बेताला कॉल बॉय, म्हणजे ड्यूटीचे बोलावणे आणणारा पोऱ्या, वही घेऊन मैदानावर हजर झाला की आमचा गोलकीपर सही करून थेट इंजिनांच्या शेडकडे निघायचा, आणि मग जो उंच दिसेल त्याला गोलमध्ये उभे करायचे. चांगला खेळाडू मिळाला की दोन हंगामांत त्याची बदली मनमाडला किंवा खंडव्याला ठरलेली. अशा धावपळीत क्लब टिकला तो सेक्रेटरीच्या चिकाटीवर. पोस्टकार्डे लिहून समोरच्या टीमला बोलावणे, पंच शोधणे, चुना विकत आणून रेघा मारणे, मे महिन्याच्या उन्हात भेगाळलेल्या काळ्या मातीवर पाणी मारून घेणे, हे सगळे तोच करी.

हे सारे एका रजिस्टरात होते. वर्गणी कुणी दिली, कुणाची थकली, कुठल्या सामन्यात गोल कुणी केला, चांभाराचे किती झाले. क्लबची खोली रिकामी करताना ते कपाटासकट भंगारात गेले. ज्यांनी काढले त्यांना ते जुने कागद वाटले असतील. मला मात्र त्याचे दुःख अजून आहे. चषक गंजतो, पण त्यावर नाव तरी कोरलेले असते. चुना मारणाऱ्या माणसाचे नाव फक्त त्या रजिस्टरातच होते.

तरी सगळे संपलेले नाही. घराघरांत टीमचे ग्रुप फोटो आहेत आणि नीट पाहिले तर ते बोलतात. बनियनवर जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीची रेल्वे) अशी अक्षरे असतील तर फोटो बहुधा नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा, कारण तेव्हा मध्य रेल्वे झाली. मागे ‘पूर्व खानदेश’ लिहिले असेल तर तो बहुतेक १९६० च्या आतला. त्यानंतर लोक जळगाव जिल्हा लिहू लागले. खेळाडू अनवाणी आहेत का, तेही पाहावे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला राष्ट्रीय संघसुद्धा बहुतांशी बुटांशिवाय खेळला होता. गावोगावी ही सवय पुढेही बरीच वर्षे होती, म्हणून एवढ्यावरून साल ठरवू नये. पण दुसऱ्या खुणांशी जोडून पाहता येते.

कागदही सापडतात. ज्या क्लबांनी रीतसर नोंदणी केली त्यांची घटना आणि विश्वस्तांची नावे धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरात असतात. परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा मागितला तर पहिल्या कार्यकारिणीपासूनची नावे हाती लागू शकतात. आजच्या पदाधिकाऱ्यांनी निदान एवढे करावे. जर्सीवर ‘स्थापना अमुक साली’ असे छापणारे क्लब मी पाहिले आहेत, आणि पुरावा विचारला की आजोबा सांगायचे, असे उत्तर मिळते. आजोबांचा मान राखूनही मी म्हणेन की कागदाने सिद्ध होणारी वीस वर्षे ही ऐकीव शंभर वर्षांपेक्षा मोलाची आहेत.

याचा व्यवहारातही उपयोग आहे. मैदान प्रदर्शनाला किंवा लग्नाच्या मंडपाला दिले जाते, खुंट्यांचे खड्डे तसेच राहतात, आणि मुले तक्रार घेऊन गेली की ‘तुम्ही इथे कधीपासून खेळता?’ असा प्रश्न येतो. त्या वेळी जुना फोटो, वर्तमानपत्राचे कात्रण किंवा स्पर्धेचे पत्रक पुढे ठेवता आले तर बोलण्याला वजन येते. रिकाम्या हाताने गेलेल्या पोरांचे कोणी ऐकून घेत नाही.

खानदेशाला जुने कागद जपण्याची परंपरा नाही असे तर नाहीच. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली, १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाने धुळ्यातच संशोधन मंडळ उभे राहिले. पेशव्यांच्या पत्रांना जी जागा मिळाली तिच्याशेजारी एखादे कपाट फुटबॉलच्या रजिस्टरांसाठी का असू नये? धुळे, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार इथल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनीही मनावर घेतले तर मूळ कागद मालकाकडे ठेवून स्कॅन केलेली प्रत जतन करता येईल.

माझी मुख्य विनंती आपल्यालाच आहे. वर्तमानपत्रांच्या जुन्या बांधीव फायलींत स्थानिक सामन्यांचे निकाल दोन-तीन ओळींत छापलेले असतात. तेव्हा त्या ओळींकडे कुणाचे लक्ष गेले नसेल, पण आज कित्येक क्लबांचा तेवढाच छापील पुरावा आहे. आपल्याकडच्या फायली क्लबांच्या कार्यकर्त्यांना पाहू द्याव्यात. शिवाय आठवड्यातून एकदा एखाद्या टीमचा जुना फोटो छापावा आणि वाचकांकडून नावे मागवावीत: उभे डावीकडून, बसलेले डावीकडून. घाई एवढ्यासाठी की फोटोतला चेहरा ओळखणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या नातवंडांना आजोबा खेळायचे एवढेच ठाऊक असते. शेजारी उभा असलेला लेफ्ट-आउट (डाव्या कडेने खेळणारा) कोण, हे फक्त आजोबा सांगू शकतात.

आमच्या टीमचे माझ्याजवळ असलेले फोटो मी आपल्या भुसावळ कार्यालयात आणून देतो. प्रत काढून मूळ फोटो परत मिळावेत, कारण मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली नावे दुसरीकडे कुठेच नाहीत.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
भुसावळ, जि. जळगाव