दिमडी पुढच्या रांगेतून ऐका

स्वतःच लिहून स्वतःच गाणारा लोकगायक ठाण्यात आला, की आम्ही चौघं ऑफिसातून थेट तलावपाळी गाठतो. वडापाव खातच गडकरी रंगायतन नाट्यगृहात शिरायचं! परवाच्या कार्यक्रमात त्याने मधेच थांबून तुणतुण्याची तार पिळली आणि त्याच गाण्यात लोकलच्या गर्दीवर नवं कडवं जोडलं. रेकॉर्डिंगमध्ये ते नाही. पुढची ओळ मागच्या रांगेतल्या आजींनी आधीच म्हटली, तर गडी चक्क हसत सुटला. लोककवी वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) गाणी वडिलांनी अशीच समोर बसून पाठ केली होती. नवख्यांना एवढंच सांगणं, स्वस्त पडते म्हणून बाल्कनी घेऊ नका. दिमडीची, त्या हातात धरायच्या छोट्या चर्मवाद्याची, थाप पुढेच अंगावर येते.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे