कबुलीआधी कायदा कळू द्या

मद्यपी चालकांवरील कारवाईचे वृत्त (नववर्ष बंदोबस्त) वाचले. कारवाई हवीच, पण पकडलेल्या सर्वांना बातमीत थेट ‘गुन्हेगार’ म्हटले आहे, ते खटकले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळणे हा गुन्हा आहे, आणि तो न्यायालयात सिद्ध व्हावा लागतो. अटक झाल्यास दोन तासांत वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. ती न झाल्यास कोठडीतून सोडावे लागते, असे कलम २०२ सांगते. हे किती चालकांना ठाऊक असते?

वकिलीत मला रोज दिसते ते असे : ‘दंड भरून मोकळे होऊ’ म्हणत लोक कागद न वाचताच गुन्हा कबूल करतात. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी कैद दोन वर्षांपर्यंत जाते. खरोखर प्यायलेल्याने कबुली जरूर द्यावी, मात्र परिणाम समजून. कोठडीतील व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. नाकाबंदीच्या ठिकाणी तसा मराठी फलक पोलिसांनी लावावा.

– एक वकील, सातारा