सायबाच्या कॅप्सुली आणि पडवीची भिंत

डोंबिवली,
श्रावणातला रविवार

प्रिय दिग्या,

स. न. वि. वि.

गेल्या चतुर्थीला निघताना "पोचल्यावर लिहितो" म्हणालो होतो. आता पुढची चतुर्थी दारात आली. शिव्या समोरासमोर खाईन, लेखी पाठवू नकोस, घरात बाबा पत्रं उघडतात. इकडे सगळे बरे. बाबांचे गुडघे होते तसेच.

मुद्दा तुझ्या कुत्र्याचा, सायबाचा. परवा फोनवर सांगितलं त्यातलं निम्मं रेंजने खाल्लं आणि उरलेलं तुझ्या "होय होय"ने. तुझं "होय होय" मी बालवाडीपासून ओळखतो. म्हणून कागदावर लिहितोय. लाईटबिलाच्या खिळ्याला अडकव, म्हणजे वहिनींच्या तरी नजरेला पडेल.

रिपोर्टचा फोटो पाहिला. एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जंतू) पॉझिटिव्ह, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ४८,०००. कुत्र्याच्या साधारण २ ते ५ लाख असतात. म्हणजे हा गोचीडताप. नजर नाही, पाल चावली नाही, आणि काकी म्हणतात तसं "पावसात भिजलो म्हणान" तर नाहीच. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन लिहिलंय ते बरोबर आहे. १७ किलोच्या कुत्र्याला १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल सकाळी, एक रात्री. किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आसपासचा हिशोब असतो, त्यात ते बसतं. आणि मुदत २८ दिवस.

मला घोर आहे तो या २८चा. हे औषध लागू पडलं की एक-दोन दिवसांत ताप उतरतो, कुत्रं उठून जेवायला लागतं. चौथ्या दिवशी सायबा पोस्टमनवर भुंकेल, तू मला फोन करशील, "बरो झालो रे!", आणि उरलेल्या कॅप्सुली फ्रिजच्या डोक्यावर जातील. नववीत मलेरियाच्या गोळ्या तू अशाच सोडल्या होत्यास आणि वर काकींना सांगितलंस की पक्याने सांगितलं म्हणून. तो आळ मी अजून वाहतोय. तर ऐक. हा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत राहतो आणि प्लीहेत दडून बसतो. डॉक्सी त्याला एका फटक्यात मारत नाही, त्याची वाढ रोखून धरते, तेवढ्यात कुत्र्याच्या अंगाने त्याला संपवायचं असतं. मध्येच औषध थांबलं तर कुत्रं महिनोन् महिने ठणठणीत दिसतं आणि आत हाडांचा मगज हळूहळू निकामी होत जातो. त्या टप्प्यावर औषधालाही फारसं करण्यासारखं उरत नाही. कॅलेंडरवर आजपासूनचे चौकोन रंगवायला चिंगीला बसव. ती तुझ्यापेक्षा काटेकोर आहे.

कॅप्सूल रिकाम्या पोटी द्यायची नाही, ओकतो. आधी दोन घास भात, मग कॅप्सूल, मग पुन्हा दोन घास आणि थोडं पाणी. नुसती कोरडी घशात ढकललीस तर अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे भाजल्यासारखी जखम करते. कॅप्सूल दिल्यावर अर्ध्या तासात ओकला आणि ओकारीत ती अख्खी दिसली, तर डॉक्टरांना विचारून पुन्हा दे. नाही दिसली तर स्वतःच्या मनाने दुसरी देऊ नकोस.

आणि कॅप्सुलीबरोबर दूध नाही, दही नाही, कॅल्शियमचं सिरप नाही. कॅल्शियम आणि लोह या औषधाला धरून ठेवतात, मग ते अंगात उतरतच नाही. काकी "रगत वाढांदे" म्हणून लोहाचं टॉनिक पाजतायत असं तू ओझरतं बोललास, तेव्हा मी फोन जवळजवळ टाकला होता. टॉनिक द्यायचंच असेल तर डॉक्टरांना दाखवून, आणि कॅप्सुलीपासून निदान दोन तास लांब, म्हणजे दुपारी. काकींना हे तू सांगू नकोस, वहिनींना सांगू दे.

आता रोज काय बघायचं ते. सकाळी वरचा ओठ उचलून हिरड्या बघ. गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरा झालेला डाग दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, पोटाच्या कातडीवर न लागता लाल-जांभळे ठिपके उठले, शी काळी डांबरी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. लघवीला कोऱ्या चहाचा रंग आला तरीही. तो रंग बहुधा बेबेसिया नावाच्या दुसऱ्या जंतूचा असतो, तोही गोचिडीतूनच येतो आणि कित्येकदा एर्लिकियाच्या जोडीनेच. त्यावर नुसती डॉक्सी पुरत नाही, म्हणून स्मीअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली) बघितला का एवढं डॉक्टरांना विचार. ताप हाताने बघू नकोस. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन, शेपटीखाली. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं असतं. १०३च्या वर गेला तर फोन कर. ताप दिसला म्हणून क्रोसिन नाही, अंग दुखत असेल म्हणून तुझी कंबरेची गोळी तर मुळीच नाही. कंबरेच्या असल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, आणि प्लेटलेट एवढ्या खाली असताना जखम वाहतच राहते. याच कारणासाठी दोन आठवडे हाड नको, पट्टा ओढून खेळणं नको, शेजारच्या बंट्याशी मारामारी नको.

आणि नाकातून रक्त आलं तर डोकं मागे करून धरू नकोस. शांत बसव, नाकावर बर्फाचं फडकं धर आणि गाडी काढ. मोत्याचं तुलाही आठवतंय, मलाही. हे पत्र एवढं लांबतंय ते त्याच्यामुळेच. बास.

जेवण. श्रावणात तुमच्याकडे घरात अंडंसुद्धा येत नाही, म्हणजे तोही सोवळ्यात असणार. नुसत्या वरणभातावर आजारी कुत्र्याचं भागत नाही, रक्त भरून यायला प्रथिनं लागतात. मागच्या मांगरात चूल आहे, तिथे दोन अंडी उकड. काकींचा देव मांगरापर्यंत येत नाही. तेही जमणार नसेल तर घरी फाडलेलं पनीर मूठभर, दुपारी, कॅप्सुलीपासून दूर. श्रावण संपला की बिनहाडाचं चिकन पाण्यात शिजवून मऊ भातात कालवायचं. भात एक वाटी तर चिकन दोन वाट्या. तुम्ही उलटं करता. मीठ-मसाला नाही. दिवसातून चारदा थोडं थोडं. हे आजारापुरतं, कायमचा आहार नव्हे.

उरलेला वाटपाचा रस्सा मात्र त्याच्या ताटात नको. त्यात भाजलेला कांदा असतो, लसूण असते. दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्याने तो गुण जात नाही. याच्या प्लेटलेट आधीच कमी, त्यात तांबड्या पेशीही जायला नकोत. "एवढी वर्षां खाता, काय झाला?" असं काकी विचारतील. एवढी वर्षं त्याला गोचीडताप नव्हता, हे उत्तर.

आता गुंडूचं म्हशीचं औषध. गुंडू माणूस सोन्यासारखा, पण त्याची बाटली लांब ठेव. जनावरांच्या गोचिडीसाठी जी फवारणीची औषधं मिळतात त्यांत डेल्टामेथ्रिन नाहीतर अमिट्राझ असतं. म्हैस अंग चाटून साफ करत बसत नाही, कुत्रा बसतो. अमिट्राझ पोटात गेलं की कुत्रा गुंगतो, अंग थंड पडतं, हृदयाचे ठोके मंदावतात. डेल्टामेथ्रिनने लाळ गळते, अंग थरथरतं. तुमची मनी सायबाच्याच पोत्यावर झोपते, तिला तर हे विषच आहे, मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. दुसरं त्याचं ते इंजेक्शन, आयव्हरमेक्टिन. १ टक्क्याचं असतं, गुरांना ५० किलोला १ मिली. सायबाच्या वजनाला त्या हिशोबाने अर्धा मिलीसुद्धा धड होत नाही, आणि गुंडू सिरिंज डोळ्यांनी अंदाज करून भरतो. २ मिली गेलं तर पाच-सहा पट झालं. त्यातून मेंढपाळी जातीचं रक्त असलेल्या कुत्र्यांना ते थोडंसुद्धा मेंदूत जाऊन लागतं. तंबाखूचं पाणी, रॉकेल, कापूर, ही सगळी विषंच. कडुनिंबाचं पाणी निरुपद्रवी आहे, उपयोग मात्र शून्य.

त्याऐवजी डॉक्टरांकडून गोचिडीची खायची गोळी घे. फ्लुरालनरची एक गोळी साधारण १२ आठवडे चालते, अफॉक्सोलनरची महिना. वजनाप्रमाणे पाकीट असतं, फ्लुरालनरचं १० ते २० किलोचं. वजन अंदाजाने सांगू नकोस. त्याला उचलून काट्यावर उभा राहा, मग एकटा उभा राहा, वजा कर. (तुझं वजन मला कळवायची गरज नाही.) गोळी जेवणाबरोबर द्यायची, मोठी गोळी मोडून दोन कुत्र्यांत वाटायची नाही. पूर्वी कधी फिट आली असेल तर आधी डॉक्टरांना सांग. आणि हे नीट समजून घे की या गोळीने गोचीड चावल्यावर मरते. त्यामुळे गोळीनंतरही अंगावर गोचिडी दिसतील, एक-दोन दिवसांत वाळून गळतील. "लागू पडला नाय" म्हणून पुन्हा गुंडूकडे जाऊ नकोस.

हाताने काढायच्या तर वहिनींचा भुवयांचा चिमटा. अगदी कातडीलगत, तोंडाशी पकड आणि सरळ वर ओढ. पिळायची नाही, काडी लावायची नाही, तेल लावून गुदमरवायची नाही. तशाने ती लाळ उलट आत सोडते. नखावर चिरडायची तुझी सवय बंद कर, त्या रसातून माणसालाही ताप येऊ शकतो. झाकणाच्या बाटलीत स्पिरिट घेऊन त्यात टाक. मोरीत टाकलेली गोचीड बुडत नाही, चालत परत येते. कानाच्या घड्या, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या मुळाशी बघ. त्याला स्वतः चावून खाऊ देऊ नकोस, गोचीड गिळल्यानेही एक वेगळा आजार होतो.

आता पडवी. यावर तू भांडणार, म्हणून आधीच सांगतो, म्हशीची काही चूक नाही. म्हशीवरची गोचीड बहुतकरून वेगळ्या जातीची असते. सायबावरची ती तपकिरी कुत्र्याची गोचीड. ती आयुष्याचा फारच थोडा काळ कुत्र्यावर काढते आणि बाकी सगळा भिंतीत. पिल्लू रक्त पितं, उतरतं, भेगेत कात टाकतं, पुन्हा चढतं, असं दोनदा. शेवटी मादी टम्म फुगून उतरते, भिंत चढते आणि फटीत दोन-चार हजार अंडी घालून मरते. तुझं घर बिनगिलाव्याच्या चिऱ्याचं. चिऱ्याला जेवढी भोकं तेवढी तिची बाळंतपणं. उपाशी गोचीड तिथे कित्येक महिने जिवंत राहते. कुत्र्याला औषध आणि भिंत तशीच, तर दिवाळीला पुन्हा हेच.

तेव्हा पडवीची सायबाच्या कोपऱ्यातली भिंत जमिनीपासून छातीपर्यंत गिलावा करून घे. पाऊस आहे तोवर निदान भोकं सिमेंटने बुजव. पोतं जाळून टाक. नवीन काहीतरी दे जे आठवड्याला उकळत्या पाण्यात घालता येईल. लाकडी बाकाची खालची बाजू, दाराच्या चौकटीची मागची फट, गणपतीच्या माटवीच्या लाकडांची चळत, सगळं तपास. भिंतीवर फवारणी करायची तर ती भिंतीच्या लेबलाचं औषध घेऊन, लेबलावरच्याच प्रमाणात. सायबा, मनी आणि चिंगी घराबाहेर, पूर्ण वाळेपर्यंत. एकदा करून भागत नाही, अंडी त्यातून वाचतात. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि त्यानंतर आणखी एकदा. पावसात पडवीत येऊन झोपणारी ती दोन भटकी कुत्री खरी वाहक. त्यांना हाकलशील असं वाटत नाही, काकी भाकरी घालतात. मग त्यांनाही गोळी घाल. खर्च निम्मा मी देतो, चतुर्थीला घे.

आणि काकींनी माकडतापाचं विचारलं होतं. २०१६ला दोडामार्गात तो आला, म्हणून त्यांची भीती खोटी नाही. पण तो जंगलातल्या वेगळ्या गोचिडीतून येतो आणि त्याचा जोर पावसाळा सरल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत असतो. सायबामुळे तो घरात येणार नाही. सायबाचा हा तापही त्याच्याकडून माणसाला सरळ लागत नाही. काजूच्या बागेत जाताना मात्र तूच पूर्ण पँट घाल.

पुढची तपासणी: दहा-बारा दिवसांनी प्लेटलेट, मग कोर्स संपल्यावर महिन्याने पुन्हा. ती किटवरच्या पट्टीची एर्लिकियाची तपासणी पुन्हा करू नकोस, ती बरा झाल्यावरही महिनोन् महिने पॉझिटिव्ह दाखवते आणि तू उगाच घाबरशील. आकडा प्लेटलेटचा बघायचा.

बाकी तुझं काय? बँकेचं मिटलं का? वहिनींची बदली ओरोसला झाली म्हणतात, खरं? काजूच्या कलमांचं भेटल्यावर बोलू. बाळ्याने लग्न ठरवलंय, मुलगी त्याच्यापेक्षा शहाणी दिसते, म्हणजे टिकेल. काकींना नमस्कार, चिंगीला खडूची पेटी आणतोय.

तुझा,
पक्या

ता. क. सायबा कॅप्सूल ओळखून थुंकत असेल तर उकडलेल्या रताळ्याच्या तीन गोळ्या कर, पहिली रिकामी, दुसरीत कॅप्सूल, तिसरी रिकामी. तिसरी त्याला हातात दिसत राहिली पाहिजे, म्हणजे दुसरी चावत न बसता गिळतो.