गोंदेश्वर दाखवणाऱ्या सरांना

सर,
स.न.वि.वि.

नाशिकजवळच्या सिन्नरला गोंदेश्वर हे शंकराचं जुनं दगडी देऊळ आहे, त्याच्या आवारात कुणीही रेंगाळताना दिसलं की तुम्ही आपणहून देऊळ दाखवता. पैसे सोडाच, चहाही घेत नाही. म्हणून हे जाहीर पत्र. 'फार छान माहिती मिळाली' असं लिहिलं तर तुम्ही 'म्हणजे काय मिळालं?' विचाराल, हे ठाऊक आहे. तेव्हा तेच लिहितो.

सगळ्यात आधी 'हेमाडपंती' हा शब्द तुम्ही आमच्या तोंडून काढून घेतलात. चुन्याशिवाय बांधलेलं कुठलंही जुनं दगडी देऊळ हेमाडपंतानं बांधलं, असंच आम्ही धरून चालायचो. हेमाडपंत, म्हणजेच हेमाद्री, हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी होता, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२ चा, इसवी सन १०६० चा. मग ते हेमाडपंतानं कसं बांधलं? चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायची रीत त्याच्या कितीतरी आधीची. आणि तुमची खरी तक्रार निराळीच होती: हा शब्द एकदा उच्चारला की माणूस पुढं बघतच नाही. पटलं.

बघायचं ते जोत्यापासून वर. जोत्याचे थर, मग जंघा म्हणजे मूर्ती कोरलेली भिंत, मग शिखर. गोंदेश्वराचं शिखर भूमिज: चारी बाजूंच्या मधोमध एकेक पट्टा थेट वरपर्यंत चढतो, आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेत छोट्या शिखरांच्या उभ्या माळा असतात. एका माळेतली शिखरं खालून वर मोजली की भूमी, म्हणजे शिखराचे मजले, किती ते कळतं. अंबरनाथचं मोडलेलं शिखरही याच जातीचं, हे एरवी कुणाच्या ध्यानात आलं असतं? काळ्या दगडाच्या भिंतींवर विटांचं, चुनेगच्चीचं शिखर दिसलं तर ती बहुधा नंतरची दुरुस्ती, असं समजायचं. ही खूण तर कुठल्याही गावच्या देवळाला लावून बघता येते.

छत बघायला मान वर करून उभं राहू नये, सरळ उताणं पडावं. तुळयांच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकले की आतली जागा आक्रसते, त्यावर पुन्हा तसेच दगड, असं करत शेवटी उरलेल्या भोकावर एकच शिळा बसते. सगळा भार सरळ खाली उतरतो. म्हणूनच एखादा खांब कलला की वरचं सगळं हलतं.

दिशांचं सांगितलंत ते तर रोज उपयोगी पडतं. देऊळ पूर्वेकडे तोंड करून असेल तर गाभाऱ्याची प्रनाळ, म्हणजे अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी पन्हळ, उत्तरेला निघते, होकायंत्र नको. शंकराच्या देवळात ती ओलांडत नाहीत. सोमसूत्री प्रदक्षिणा, म्हणजे प्रनाळेपाशी थांबून मागं फिरायची ती, नीट घातली तर दोन्हीकडून प्रनाळेपर्यंत जाणं होतंच, पण आपल्यातले बरेच जण एकीकडूनच जाऊन परत फिरतात आणि उत्तरेच्या भिंतीचा एक तुकडा कायमचा राहून जातो. शिवाय त्याच भिंतीवर हिवाळ्यात थेट ऊन पडत नाही. डिसेंबरात दक्षिणेची भिंत सकाळी आणि दुपार कलल्यावर तिरप्या उन्हात उठून दिसते. भर बाराला उन्हाची धार वरून पडते आणि मूर्तींच्या चेहऱ्यावर कपाळाची सावली उतरते. गोंदेश्वरच्या मूर्ती ऊनपावसानं फार झिजल्या आहेत, म्हणून इथं हे जास्तच जाणवतं. सावलीतल्या भिंतीसाठी तुमची युक्ती: बॅटरी समोरून न धरता भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरायची. मोबाइलचा फ्लॅश समोरून पडतो आणि उरलासुरला उठावही पुसून टाकतो. अक्षरं उठावीत म्हणून शिलालेखाला खडू किंवा पीठ चोळणाऱ्यांवर तुम्ही ओरडता, ते तसंच चालू ठेवा.

विष्णूच्या मूर्तीपुढं आम्ही नेहमी चुकायचो. चार हातांतली आयुधं ठरलेल्या क्रमानं वाचायची: खालचा उजवा, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा आलं की केशव. पद्म, गदा, चक्र, शंख आलं की त्रिविक्रम. अशी चोवीस रूपं. चूक व्हायची ती एकाच जागी: उजवा हात मूर्तीचा धरायचा, आपला नव्हे. दारावरही असाच चकवा आहे. ललाटबिंबावर, म्हणजे दाराच्या वरच्या पट्टीच्या मधोमध, गणपती कोरलेला असला म्हणून ते गणपतीचं देऊळ होत नाही. गोंदेश्वर तर पंचायतन आहे. मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य, विष्णू, तेव्हा घाई केली की गोंधळ ठरलेलाच.

आणि भक्तीपोटी होणारी नासधूस. ऑइल पेंटनं नक्षीच्या खाचा बुजतात, दगडातला ओलावा आत कोंडतो आणि पुढं रंगाच्या पापुद्र्याबरोबर दगडाचाही पापुद्रा निघतो. मग तो रंग काढायला वाळूचा फवारा मारतात, त्यात नाकडोळे जातात. सांध्यांत सिमेंट भरलं की पाणी बाहेर पडायची वाट बंद. सांध्यात उगवलेला पिंपळ उपटू नये, मुळासकट दगड सुटतो. तो कापावा आणि मूळ मारायचं काम जाणकारावर सोडावं. हे तुम्ही न रागावता, हातात त्या पापुद्र्याचा तुकडा देऊन समजावता. आम्ही आता आमच्या गावच्या देवळाच्या पंचांना तसंच समजावतो. रंगाचा डबा अजून उघडलेला नाही.

आपले नम्र,
देवळं बघत हिंडणारी मंडळी

ता.क. एप्रिलमध्ये फरशी तापते म्हणून जाड सुती मोजे आणायचा सल्ला बरोबर निघाला. नायलॉनचे आणणारे दोघं नंदीमंडपाच्या सावलीतून बाहेरच आले नाहीत.