स्टेज सोडणारी माणसं

संपादक साहेब, नमस्कार,

लोकलमध्ये सध्या एक कादंबरी वाचतेय, खूप मोठा गायक फॅन्स, सेल्फी, फोन सगळं टाकून निघून जातो. मैत्रीण म्हणाली असं कोण करतं का, पण अहो अन्नपूर्णादेवींनी केलंच की, सुरबहारवर (सतारीसारखंच, पण मोठं वाद्य) एवढी हुकूमत असून जाहीर कार्यक्रम बंद केले आणि मुंबईतल्या घरात बसून शिकवत राहिल्या, बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया त्यांचेच शिष्य. तिकडे पियानोवाला ग्लेन गूल्ड, १९६४ ला, ३१ व्या वर्षी स्टेज सोडलं, पुढे फक्त रेकॉर्डिंग. परवा मैफलीत आलाप चालू आणि पुढच्या रांगेत मोबाईल वर धरलेले, फार वाईट वाटलं. रविवार पुरवणीत अशा कलाकारांवर लिहा ना, पण त्यांच्या घराचे फोटो मात्र नका छापू.

एक वाचक, नौपाडा, ठाणे