स्प्रिंग बसवली, गोळ्या सुटल्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची) कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी लाख-सव्वा लाख मोजावे लागत. आता अँजिओप्लास्टी आवाक्यात येणार, असं मलाही वाटलं होतं. माझी ३१ वर्षं बँकेत गेली, त्यामुळे गेल्या वर्षी थोरल्या दिरांचं बिल हातात आलं तेव्हा आधी बेरीज केली. दोन स्टेंटचे मिळून पाऊण लाख, तोवर वाढलेल्या सरकारी दरातच. आणि एकूण बिल दोन लाख नव्वद हजार! बलून, कॅथेटर, कॅथलॅब, 'इतर साहित्य'. या 'इतर'चा तपशील मागितला, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, पॅकेज आहे."

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. भाऊजींना ॲटॅक आला नव्हता. जिना चढताना छाती भरून यायची, थांबलं की बरं वाटायचं. अँजिओग्राफी चालू असतानाच डॉक्टर बाहेर आले, "दोन ब्लॉक आहेत, आत्ताच करून टाकू." जाऊबाईंनी भिंतीला कागद टेकवून सही केली.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते, भारतातलेही. अशा स्थिर दुखण्यात सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने, नीट औषधं घेणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यू वा झटके कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र जास्त कमी झालं. त्या आरामासाठी पैसे मोजायचे की आधी गोळ्या घेऊन पाहायचं, हे घरी बसून ठरवता आलं असतं. (डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले त्या अभ्यासात नव्हते. आणि ॲटॅकची गोष्ट तर निराळीच, तेव्हा हे पत्र आठवत बसू नये.) निकड नसेल तर रुग्णाला आठवडाभर विचाराला द्यावा आणि पॅकेजमधली प्रत्येक वस्तू दरासह बिलावर छापावी, एवढं तरी सरकारने बंधनकारक करावं.

राहिल्या गोळ्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोर्वास्टॅटिन, बीपीची एक. जनऔषधी दुकानातून आम्हाला महिन्याला तीनशेच्या आत पडतात. भाऊजींनी त्या तिसऱ्या महिन्यात बंद केल्या. "स्प्रिंग बसवलीय, आता कशाला?" नव्या स्टेंटवर यातल्या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, मनाने सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, हे डिस्चार्जच्या वेळी कुणी बोललं नव्हतं. फाइलमध्ये इंग्रजीत एक ओळ होती. आता जाऊबाई रोज रात्री पाकिटातल्या गोळ्या मोजतात.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली