एमआरआय ‘नॉर्मल’ आला म्हणून आजार नाही, असे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खेड्यातून नैराश्याचा रुग्ण नागपूरला नेला की घरच्यांचा पहिला आग्रह मेंदूच्या एमआरआयचा असतो. त्यात काही हजार रुपये जातात, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि गावात त्याच कागदावरून ठरते : याला काही झाले नाही, कामाचा कंटाळा आहे. हे साफ चूक आहे.

कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण पक्की करणे आणि कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाला लगाम घालणे ही त्याची कामे. प्राण्यांवरील प्रयोगांत दिसते की ताण लांबला की इथल्या पेशींच्या फांद्या आखडतात, नव्या पेशी कमी तयार होतात. लगाम सैल पडतो, कॉर्टिसॉल आणखी वाढतो. कर्जाच्या हप्त्याची तारीख किंवा फवारणीचे प्रमाण विसरणारा माणूस निष्काळजी नसतो, ते याच आजाराचे लक्षण असू शकते.

मग एमआरआयमध्ये दिसत का नाही? २०१६ साली १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी लोक यांच्या तुलनेत हिप्पोकॅम्पसच्या आकारातला सरासरी फरक जेमतेम सव्वा टक्का निघाला, तोही मुख्यतः वारंवार नैराश्य येणाऱ्यांत. एकट्या रुग्णाच्या फिल्मवर तो ओळखता येत नाही. त्यापेक्षा थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासणे कामाचे.

मृत्यूनंतरच्या तपासणीत पेशी मोठ्या प्रमाणावर मेलेल्या दिसत नाहीत. त्या लहान झालेल्या आणि दाटीने बसलेल्या आढळतात. पाण्याचा ताण बसलेली पऱ्हाटी (कपाशीचे झाड) पातेगळ करते, म्हणजे कळ्या गाळते, पण मूळ जिवंत असते, तसेच हे.

म्हणूनच नैराश्यावरच्या गोळीला वेळ लागतो. मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन लवकर वाढते, पण पेशींची जोडणी सुधारायला आठवडे जातात. साधारण दोन आठवड्यांनी फरक सुरू होतो, पूर्ण गुण कळायला चार ते सहा. आपल्याकडे गोळी आठव्या दिवशीच बंद होते! बरे वाटल्यावरही सहा ते नऊ महिने ती चालू ठेवावी लागते. एकदम सोडल्यास चक्कर, बेचैनी, झोपमोड होऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी.

सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र सावध राहावे. कधी कधी मन हलके होण्याआधी अंगात बळ येते, तेव्हा जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा धोका असतो. फवारणीचे औषध कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते वाढत नाहीत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो, तिथे मराठीत बोलता येते.

आरोग्य विभागाला एकच विनंती : जिल्ह्याच्या ठिकाणी सुरू झालेली गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातही खंड न पडता मिळावी. एसटीचे भाडे नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात उपचार तुटू नयेत.

आपले,
ग्रामीण मानसिक आरोग्य कार्यकर्ते,
यवतमाळ जिल्हा